कानशीच्या खुणा

कड गुळगुळीत होती. इतक्या जुन्या रांजणाची फुटकी कड अशी असतच नाही, ती खरबरीत असते, दातेरी असते, बोटाला लागते... आणि भिंगाखाली तर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे स्वच्छ दिसत होते. कानस. चाळीस वर्षांपूर्वी हा रांजण जोडताना बाबांनी चक्क कानस मारली होती.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तीन महिने — तीन महिने ती बाबांचा तो दगड झालेला गोंद रसायनाची वाफ देऊन देऊन सोडवत होती, आणि मनातल्या मनात त्यांचीच बाजू घेत होती: तेव्हाची पद्धतच तशी, सांधा दिसता कामा नये, रंग असा द्यायचा की घडवणाऱ्या कुंभारालाही ओळखू येऊ नये. ठीक आहे. गोंद सुटतो, रंग पुसता येतो; घासून टाकलेली माती कुठून आणायची? ती मात्र संग्रहालयातल्या त्यांच्याच टेबलाशी बसून नेमकं उलटं करत होती — सांधा दिसलाच पाहिजे, आपली भर वेगळी कळलीच पाहिजे, आणि आपण केलेलं उद्या कुणाला काढावंसं वाटलं तर काढता आलं पाहिजे. घरी हे सांगितलं तेव्हा बाबा हसले होते. "म्हणजे फुटकं ते फुटकंच दाखवायचं? मग पगार कसला घेतेस गं?"

आणि शनिवारी प्रदर्शन. दुरुस्ती, तेव्हाची आणि आताची. संचालक सकाळीच सांगून गेले होते, "वडिलांचा फोटो लावू या तुमच्या. खाली लिहू, पूर्वी अशा चुका होत असत. लोकांना आवडतं." मजकूर तिनेच द्यायचा होता. बाबांना वाटत होतं, सत्कार आहे. सदरा इस्त्रीला गेला होता, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून झालं होतं, आणि खरं काय ते सांगायला तिची जीभ रेटत नव्हती... आता रेटेल. आता कशाला भीड ठेवायची?

तिने फोन लावला. "बाबा, रांजणाची कड घासलीत तुम्ही? खांद्याजवळची?"

"हां, ती होय!" बाबा खुशीतच. "बसतच नव्हता तो तुकडा. तेव्हाचे साहेब डोक्यावर उभे, दुसऱ्या दिवशी उद्घाटन. मारली जराशी कानस. पण चाळीस वर्षं कुणाच्या बापाला कळलं नाही!"

"मला कळलं!" ती ओरडलीच, आणि फोन बंद केला. लाज नाही, पश्चात्ताप नाही, वर कौतुक!

खांद्याजवळचा तो घासलेला तुकडा तपासायला बाजूला ठेवला होता; तो सोडला तर रांजणाचे बासष्ट तुकडे नव्या गोंदाने जोडून झाले होते. काठाचा एकच राहिला होता. तो तिने रागारागानेच उचलला, जागेवर धरला. बसला नाही. फिरवून धरला. केसभर, अगदी केसभर बाहेर. असं का होतं ते तिला पाठ होतं: प्रत्येक सांध्यात डोळ्याला न दिसणारी चूक राहते आणि त्या सगळ्या चुका शेवटच्या तुकड्यापाशी येऊन गोळा होतात. म्हणजे आपल्याच. बाबांच्या नव्हेत. निदान वीस सांधे सोडवायला हवेत, आणि आज गुरुवार...

"झालं का?" संचालक दारात होते. तुकडा बघून म्हणाले, "एवढंच ना? किंचित घासून टाका. कोण बघतंय?"

एरवी तिने त्यांना फाडून खाल्लं असतं. पण त्यांनी म्हणायच्या आधीच तिच्या अंगठ्याचं नख त्या कडेवरून फिरत होतं, चांगलं दाब देऊन, आणि नखात तांबडी भुकटी आली होती. कधी आली? किती वेळ आपण हे करतोय?

ते गेल्यावर तिने पुन्हा फोन लावला. "बाबा... काठाचा तुकडा बसत नाहीये."

"किती?" बाबांनी विचारलं.

"केसभर."

"मग आता काय करतात?" टोमणा नव्हता. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

"सोडवतात. मागे जाऊन पुन्हा जोडतात."

"तेव्हा आमचा गोंद सुटायचाच नाही गं," बाबा म्हणाले. आणि मग, "शनिवारी किती वाजता येऊ?"

तिने मजकुराचा कोरा कागद पुढे ओढला. राग अजूनही होता. पण तो काढायचा कुणावर हे मघाइतकं सोपं राहिलं नव्हतं, आणि फोटोखाली नाव मात्र एकाच माणसाचं येणार होतं.