गाडीतच बसायचं

मथुरानं करणच्या कानटोपीचा बंद हनुवटीखाली बांधला, चिवड्याची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि गाडीचं दार बाहेरून लोटलं.

"गाडीतच बसायचं. ड्रायव्हरमामा हाय सोबत. आमी रांजण बघून येतो."

"मी पन रांजण," करण म्हणाला.

"तुला मागनं नेते," असं म्हणताना तिनं त्याच्याकडं बघायचं टाळलं.

करण तिचा थोरला. बावीस वर्षांचा, बापासारखा उंचापुरा, पण बोलणं-वागणं पाच वर्षांच्या लेकराचं. राहात्याच्या त्यांच्या गल्लीत त्याचं कुणाला काही वाटत नसे. आज मात्र धाकट्या सृष्टीला बघायला बेलापूरची माणसं इथं निघोजला येणार होती. घरचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम नंतर. आधी मळगंगेचं दर्शन घ्यावं, कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघावेत, पोरा-पोरीनं दोन शब्द बोलावेत, असं ठरलं होतं. करणबद्दल त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगायचं नाही, हे मथुराचंच म्हणणं. तिचा नवरा कल्याण त्यावर हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. सासूबाई गेल्यापासून करणला घरी सांभाळायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो गाडीत होता.

थंडीतलं ऊन काळ्या खडकावर पसरलं होतं. पाण्यानं पिढ्यान्‌पिढ्या घासून केलेल्या त्या खोल रांजणांत हिरवं पाणी निवांत पडलं होतं. कल्याण आणि मुलाचे वडील पलीकडं उसाच्या गप्पांत रंगले होते. वर झुलत्या पुलावर सृष्टी आणि तो मुलगा, आदिनाथ, उभे होते. सृष्टीचं हसू मधूनच खाली ऐकू येई. मथुराला बरं वाटलं.

आदिनाथची आई रतनबाई पदर सावरून खडकावर बसली. तिनं पिशवीतली बोरं मधे ठेवली.

"गोड हाय पोरगी. भाऊ-बहीण कुनी?"

"न्हाई," मथुरा म्हणाली. "एकुलती एक."

शब्द तोंडातून सहज गेले. तिनं एक बोर उचललं, पण ते हातातच राहिलं.

तेवढ्यात मागं पावलं वाजली. कानटोपी हातात धरून करण खडकांवरून तोल सावरत येत होता आणि त्याच्यामागं धापा टाकत ड्रायव्हर गोरक्षनाथ.

"वहिनी, ऐकंचना," तो म्हणाला.

रतनबाईनं मान वर केली. तिनं काही विचारायच्या आतच मथुरा बोलून गेली, "ह्यांचा भाचा हाय तो. सोबत आलाय."

गोरक्षनाथनं एकदा मथुराकडं पाहिलं आणि नजर पाण्याकडं वळवली. करणचं कुणाकडंच लक्ष नव्हतं. तो बोरांकडं बघत होता.

"ये रं, बस," रतनबाई म्हणाली.

तिनं बोर फोडलं, बी काढून टाकली आणि गर त्याच्या हातावर ठेवला. त्याच्या तोंडातलं संपेपर्यंत ती थांबली, मग दुसरं फोडलं. त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळली तशी तिनं आपल्या पदराच्या टोकानं ती टिपली, बोलता बोलता, जणू रोजचंच काम.

मथुराचे कान तापले. इतकी वर्षं ती हेच करत आली होती, अगदी असंच.

"आमच्याकडं बी हाय एक," रतनबाई हळू आवाजात म्हणाली. "आदिनाथच्या पाठची. तुमाला सांगितलं न्हाई. आज जावेपाशी ठेवून आले. निघताना दाराला धरून रडत हुती." तिनं आणखी एक बोर उचललं. "राग मानू नका. लोकं लगेच मागं सरत्यात."

मथुरानं हातातलं बोर खाली ठेवलं. आत्ता बोलायला हवं होतं. दोनच शब्द. पण गोरक्षनाथ तिथंच उभा होता, समोर करण चघळत बसला होता, आणि त्या दोघांच्या देखत ते शब्द काढायचे कसे, हे तिला उमगेना.

"ताई..." ती म्हणाली आणि अडखळली.

"दादा!" पुलावरून सृष्टीची हाक आली. "कडंला जाऊ नकोस, आमी येतो!"

तिच्या शेजारी उभा राहून आदिनाथही हात हलवत होता. "करणदादा, तुझ्या आईपाशीच थांब हां!" तो ओरडला.

करणनं दोन्ही हात उंच केले.

रतनबाईचा हात क्षणभर थबकला. तिनं मथुराकडं पाहिलं नाही. पुढचं बोर फोडून, बी काढून, तिनं ते करणपुढं धरलं.

"सावकाश, बाळा," ती म्हणाली.