बोनकोड्याच्या भिंतीवरचे देव

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. शहराने वेढलेल्या बोनकोडे गावाच्या कोपऱ्यावर, एका सोसायटीच्या फाटकाला लागून उभी आहे. मला राग आला आहे, म्हणून बोलते.

मला बांधून आठवडा झाला नाही तोच कोणीतरी माझ्या पायाशी करवंटी टाकली. मग पिशव्या आल्या, डायपर आले, मखराचे थर्माकोल आले. शहराच्या स्वच्छतेची तपासणी जवळ आली की मला रंग मिळे. एकदा तर माझ्यावर फ्लेमिंगो काढले. तपासणी संपली की फ्लेमिंगोंच्या पायाशी पुन्हा पिशव्या.

हे थांबवले पुतळाबाईने. ती समोरच राहायची, मूळ गावातली. रोज सकाळी ती माझा कोपरा झाडायची आणि तिथे रांगोळी घालायची. रांगोळीवर पिशवी टाकायला माणसाचा हात धजत नाही. चार वर्षे मी स्वच्छ होते. सोसायटीला बक्षीस मिळाले. फोटोत सेक्रेटरी नंदकिशोर होते, पुतळाबाई नव्हती.

पुढे तिचे गुडघे गेले, रांगोळी चुकू लागली. तेव्हा नंदकिशोरांनी माझ्यावर देवांच्या सहा टाइल्स बसवल्या.

"आता टेन्शन नाही, मावशी. देवासमोर कोण कचरा टाकणार?"

"सायेब, लोक घरातलं फुटकं देव आनून ठेवतील," ती म्हणाली. "कचरा तरी उचलता येतो. देव कोन उचलंल?"

तसेच झाले. तडकलेल्या तसबिरी आल्या, हात मोडलेल्या मूर्ती आल्या, सुकलेले हार आले. आणणारे नमस्कार करून निघून जात. पाप लागेल म्हणून झाडणारेही हात लावीनात. हार कुजले, उंदीर झाले. पुतळाबाई खिडकीतून हे बघत राहिली आणि श्रावणात गेली. जाण्याआधी नवऱ्याला, हिरामणला, तिने एवढेच सांगितले, "तो कोपरा तेवढा झाड."

तेरावे झाल्यावर हिरामण झाडू घेऊन आला. एकेक तसबीर पुसून त्याने गोणीत भरली. एकीच्या मागे चिठ्ठी होती : 'श्री. नंदकिशोर व सौ. वैजयंती यांना वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट.' ती तसबीर घेऊन तो फाटकात उभा राहिला. नंदकिशोर ऑफिसला निघाले होते.

"सायेब, तुमचा देव भायेर राहिलाय."

"अहो काका, मिसेसने ठेवला असेल. तुम्ही गोणी नेताच आहात, हाही न्या ना."

"घरात आनला तवा पंगत घातलीत. आता माझ्या बायकोच्या कोपऱ्यात टाकता?"

वॉचमन बघत होता. नंदकिशोरांनी डब्याची पिशवी खांद्याला अडकवली, तसबीर हातात घेतली आणि ते लिफ्टकडे परत गेले. त्या रविवारी टाइल्स निघाल्या. माझ्यावर सहा पांढरे चौकोन राहिले आहेत.

आता हिरामण रांगोळी घालतो. त्याला ती येत नाही. चिमटीतून भसकन सांडते, रेघ वाकडी जाते.

मित्रांनो, मला रंग नको, पक्षी नकोत, देवही नकोत. हातातली पिशवी आपल्या घरी न्या. देव जुना झाला तर त्याची सोय तुम्हीच करा. आणि त्या वाकड्या रांगोळीवर काही टाकू नका. ती घालायला सत्तरीचा माणूस रोज खाली बसतो, आणि उठताना मला धरूनच उठतो.