हाताखालची काठी

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. पण म्हाताऱ्यांनी टेकायची नव्हे. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर मला डाव्या हातात धरतात, माझ्या टोकाचं कापडी बोंडूक पाटीला टेकवतात आणि उजवा हात माझ्यावर ठेवून अक्षरं काढतात. त्यामुळे हात हलत नाही आणि ओला रंग पुसला जात नाही. नाव पेंटरचं व्हायचं, भार मात्र माझ्यावर असायचा.

माझ्या पेंटरने मला स्वतः तासलं आणि टोकाला जुन्या चादरीची चिंधी बांधली. शिडी चढताना तो मला तोंडात धरायचा. त्याच्या दातांचे वळ माझ्या अंगावर अजून आहेत. "याच्या तर बोटांनाच डोळे आहेत," असं लोक म्हणत, तेव्हा मीच फुलून जायचे.

मग एकदा औषधांच्या दुकानाची पाटी करताना कुंचला रंगाच्या डब्यात न जाता शेजारच्या फळीवर आपटला. पेंटर हसला. पुन्हा बुडवायला गेला, पुन्हा शेजारीच. दुकानदार खालून ओरडला, "काय पेंटर, सकाळी सकाळी लावून आलात की काय?" जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस! तो शिडी उतरला. पाटी अर्धीच राहिली.

ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. कामं येईनाशी झाली. चष्मे बदलून झाले, पण उपयोग शून्य. शेवटी मुलगी त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. घरी आल्यावर तिने आईला समजावलं, "बाबांचे डोळे चांगले आहेत गं, हातही चांगले आहेत. मेंदूचा एक भाग झिजत चाललाय. समोरचा कप दिसतो, पण हात नेमका कुठे न्यायचा, तेच जमत नाही. आणि हे वाढत जाणार, आई."

माझी रवानगी कपाटामागे झाली. जळमटं काढायची असली की तेवढी माझी आठवण व्हायची. पेंटर समोरच खुर्चीत बसलेला असायचा. बायको त्याला भरवायची, त्याची बटणं लावायची. त्याने हात पुढे केला की म्हणायची, "राहू द्या हो, सांडाल. मी आहे ना!" म्हणायची प्रेमानेच. पण त्याचे हात मांडीवर पडून राहू लागले आणि हळूहळू तो बोलेनासाही झाला. एकाच खोलीत आम्ही दोघं, दोघंही बिनकामाचे. मला फार एकटं वाटायचं. त्याला किती वाटत असेल!

एका दुपारी चहा स्टुलावर ठेवून ती दाराशी कोणाशी तरी बोलायला गेली. त्याचा हात कपाकडे निघाला आणि हवेतच मिटला. पुन्हा गेला, पुन्हा हवाच. मग तो उठला, भिंत चाचपत कपाटापर्यंत आला आणि त्याने मला ओढून काढलं. खुर्चीत बसून डाव्या हाताने मला स्टुलावरून हळूहळू सरकवत नेलं. माझं बोंडूक लागलं, कप बशीत किणकिणला. त्याने डोळे मिटले. उजवा हात जुन्या सवयीने माझ्या अंगावरून, त्या दातांच्या वळांवरून सरकत गेला आणि कपाच्या कानाला भिडला.

बायको दारातून बघत होती. "अहो..." म्हणून ती पुढे आली आणि तिथेच थांबली. अर्धा चहा सांडला. उरलेला अर्धा तो आपल्या हाताने प्यायला.

"गार झालाय," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज ऐकला.

"दुसरा करते," ती म्हणाली. या खेपेला तिने कप ठेवला आणि माझं टोक स्वतः कपाला लावून ठेवलं.

आता माझ्या चिंधीवर रंगाऐवजी चहाचे डाग पडतात. कधी कधी मला हातात घेऊन काय करायचं, तेच त्याला आठवत नाही. मग आम्ही नुसते बसून राहतो. असे दिवस वाढत जाणार, हे मला कळतं. मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचा हात असा चुकत असेल, तर हसू नका आणि घाईने त्याच्या पुढ्यातलं उचलूनही घेऊ नका. थोडं थांबा. चहा काय, पुन्हा करता येतो.