तिसरी हाक

"डग्लस," मुख्तार म्हणाला. "तुमी काही म्हणा श्रावणभाऊ, त्याच्यापरीस कच्चा चँपियन झालाच नाही. टोकियोत टायसनले पाडलं, आन आठ महिन्यांत पोट वाढवून आला. तिसऱ्याच राऊंडले लंबा."

मोटारीचं जळकं वाइंडिंग उपसताना मुख्तारचं तोंड थांबत नसे. दिग्रसच्या त्याच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानात रोज संध्याकाळी हाच वाद चाले : आजवरचा सगळ्यात कमजोर हेवीवेट चँपियन कोण? श्रावण वाचनालयातून निवृत्त झालेला. रद्दीत निघालेली इंग्रजी क्रीडामासिकं त्याने घरी आणली होती. उभ्या जन्मात कोणावर हात न उगारलेला हा माणूस मुष्टियुद्धावर बोलायचा, तेही आधी मनात चार वेळा घोळवून. तिसरा धरमसिंग, कापसाच्या जिनिंग कारखान्याचा चौकीदार. थोराड, अबोल. यंदाही कापूस फारसा आलाच नव्हता, त्यामुळे तो लवकर येऊन बसे. हमाल त्याला 'चँपियन' म्हणत. कशाचा, हे श्रावणने कधी विचारलं नव्हतं. अंगापिंडावरून थट्टा करत असतील, असं तो धरून चालला होता.

"डग्लसनं चँपियनचा पट्टा एकदा तरी लढून घेतला," श्रावण म्हणाला. आज त्याला नेमका मुद्दा सापडला होता. "नॉर्टन पाहा. अठ्ठ्याहत्तर साल. पट्टा लढून भेटलाच नाही त्याले. ज्याच्याकडे होता तो याच्याशी लढाले तयार झाला नाही, म्हणून संघटनेनं याले घरपोच देला. चँपियनकीच्या तीन लढती खेळला, तिन्ही हरला."

"अलीचा जबडा तोडलता न त्यानं?"

"तोडला. पण चँपियन कसा? समोर कोणी नाही, आन आपला हात वर. त्याले काय चँपियन म्हणाचं?"

धरमसिंगने अर्धा कप चहा तसाच बाकावर ठेवला. "येतो," म्हणाला आणि निघून गेला.

मुख्तारचा पक्कड धरलेला हात थांबला. "हे काय बोलून गेले तुमी?"

"काहून?"

"त्याले चँपियन काहून म्हणतात, मालूम नाही तुमाले? तेच साल. यवतमाळले जिल्ह्याची बॉक्सिंगची स्पर्धा होती. एवढ्या वजनाचे दोनच गडी आलते नावावर. हा, आन वणीचा गोविंदा, कोळशाच्या खाणीतला. हा रिंगमध्ये उभा. गोविंदाचं नाव तीनदा पुकारलं, तो आला नाही. तिसऱ्या हाकेनंतर पंचानं याचा हात वर केला. याच्या तांड्यावर डफडं वाजलं, हा लोकाइच्या खांद्यावर बसून नाचला. दोन दिवसांनी खबर आली. आदल्या रातपाळीले खाणीत छत बसलं. गोविंदा खालीच होता."



दुसऱ्या दिवशी धरमसिंग आला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. माफीचं वाक्य श्रावणने घरात अनेकदा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते मासिकातून उचलल्यासारखं वाटलं. शेवटी ऊन उतरल्यावर तो जिनिंगकडे निघाला.

आत सगळी यंत्रं गप्प होती. तारांवर, खिडक्यांच्या गजांवर मागच्या हंगामाचा कापूस लोंबत होता. गाठी बांधायच्या मोठ्या दालनात धरमसिंग उभा होता. हनुवटी खाली, दोन्ही मुठी तोंडापुढे. समोरचा कोपरा रिकामा.

"या, श्रावणभाऊ," तो न वळता म्हणाला.

"परवा मी जे बोललो..."

"खरंच बोलले. मी बी तेच म्हणतो. रोज उभा राह्यतो अथी. पण पुकाराले कोणी नसते. आपलं आपण पुकारलं त खरं वाटत नाही. तुमी पुकारा."

श्रावणची हयात 'हळू बोला' असं लोकांना सांगण्यात गेली होती, तेही हळू. त्याने घसा साफ केला.

"गोविंदा. वणी."

आवाज पत्र्यापर्यंत गेला आणि कोणा दुसऱ्याचा होऊन परत आला. धरमसिंगचे डोळे मोठ्या दरवाज्यावर होते. दाराबाहेर कडुलिंबाची सावली हलली, तशी त्याच्या मुठी किंचित वर झाल्या.

"गोविंदा. वणी."

तारेवरचा एक पुंजका सुटला, हळूहळू खाली येऊन रिकाम्या कोपऱ्यात टेकला. श्रावणने तिसऱ्या हाकेसाठी श्वास घेतला. हाक दिल्यावर पुढे होऊन धरमसिंगचा हात धरावा लागेल, वर करावा लागेल. त्याने त्या हाताकडे पाहिलं. समोर अजून कोणी नव्हतं.

"तिसरी?" धरमसिंगने दारावरची नजर न काढता विचारलं.

श्रावणने घेतलेला श्वास सोडला.

"वणीची गाडी लेट हाय म्हणतात," तो म्हणाला. "थांबू थोडं."

धरमसिंगने मान हलवली. मुठी खाली घेतल्या नाहीत. श्रावण रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर बसला आणि तोही दाराकडे पाहू लागला.