पट्टीवरची हळद

निकमसाहेबांनी माझ्या वडिलांना फोन केला, ही गोष्ट मी अजून गिळलेली नाही. नोकरीला मी होते. मस्टरवर सही माझी होती. माझी चूक झाली असं त्यांचं म्हणणं होतं, तर टेबलापलीकडे मी चांगली धडधाकट उभी होते, दोन्ही कानांनी ऐकू येणारी. पण साहेबांनी साताऱ्याहून सांगलीला ट्रंक कॉल लावला आणि पेठेतल्या हळदीच्या दुकानात बसलेल्या अण्णांना सांगितलं, "मुलीला येऊन घेऊन जा." शाळेत पोट दुखायला लागलेल्या पोरीला न्यायला बोलवतात तसं!

साल अठ्ठ्याहत्तर. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपांच्या कारखान्यात दुसऱ्या कुणीतरी वापरून काढून टाकलेला कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर सुट्या भागांच्या साठ्याचा प्रोग्रॅम लिहायला मला घेतलं होतं. हळदीच्या व्यापाऱ्याची मुलगी, बीएस्सी काय झाली, साताऱ्यात एकटी खोली घेऊन राहते काय, यावर आमच्या गल्लीत जे बोलणं झालं ते जाऊ दे. अण्णांनी मला जाऊ दिलं, पण एका अटीवर. "तक्रार आली की परत यायचं. मग वाद घालायचा न्हाई." मी मान डोलावली. कोण कशाला तक्रार करणार होतं?

कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढं धूड आणि त्याच्यासमोर एक टेलिप्रिंटर. पडदाबिडदा काही नव्हता. टाइप केलं की कागदावर खडखडत उमटायचं. प्रोग्रॅममधली ओळ घालायची, बदलायची किंवा पुसायची तर त्यासाठी एडिटर नावाचा वेगळाच प्रोग्रॅम असायचा. भोकं पाडलेल्या पिवळ्या कागदी फितीवरून तो रोज सकाळी यंत्रात भरावा लागे आणि त्याच्या पाठोपाठ वीतभर लांबीची आणखी एक पट्टी. ती सेटिंगची. एडिटरनं कसं वागायचं ते त्या पट्टीवर. या जागी भोक असलं तर असं वाग, नसलं तर तसं.

ती पट्टी मी केली होती. तिच्यावरचं एक भोक माझं फार लाडकं होतं. त्याचा अर्थ, पुसण्याआधी विचार. अमुक ओळी पूस असं सांगितलं की एडिटर आधी त्या ओळी छापून दाखवायचा, खाली 'शुअर?' असं छापायचा आणि गप्प थांबायचा. हो म्हटलं तरच पुसायचा. माझी कामाची पद्धतच त्यावर बेतलेली होती. ओळींचे आकडे ढोबळ सांगायचे, काय काय जातंय ते डोळ्यांनी बघायचं, नको ते दिसलं की नाही म्हणायचं. निकमसाहेबांना तो चोंबडेपणा वाटायचा. त्यांचं आयुष्य फौजेच्या सिग्नल्समध्ये, बिनतारी हुकूम पोचवण्यात गेलेलं. हुकूम दिल्यावर यंत्रानं उलट विचारायचं म्हणजे काय! पण बाकी कुणाची तक्रार नव्हती म्हणून चाललं होतं.

दसऱ्याच्या आधी साहेब म्हणाले, "खंडेनवमीला मशिनची पूजा करायचीय. हळद तुमच्या घरची असू दे. सांगलीची." मी अण्णांकडून चांगली पुडी मागवून दिली आणि सुट्टीला घरी गेले. पूजा मी पाहिली नाही.

परत आले आणि पहिल्याच दिवशी एडिटरनं मला विचारलं नाही. नेहमीसारख्या ढोबळ ओळी सांगितल्या, तो खडखडेल म्हणून हात मांडीवर ठेवून बसले, तर टेलिप्रिंटर मुकाट. ओळी गेल्या होत्या. महत्त्वाच्या, दिवसभर घासून जुळवलेल्या, फितीवर अजून न उतरवलेल्या. मी धावत साहेबांकडे गेले. सांगितलं, एडिटर विचारत नाहीये.

"दसऱ्याच्या आधी विचारत होता?"

"होता."

"मग मधल्या काळात मशिन कुठं गेलं होतं? इथंच होतं. गावाला कोण गेलं होतं?"

मी म्हटलं, "मी गेले होते, पण—"

"घरात स्थळं बघायला लागलेत वाटतं. लक्ष दिसत नाही कामात."

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज खाली ठेवून मी म्हटलं, मला सेटिंगची पट्टी बघू द्या. नाही. फिती यंत्रात भरणं ऑपरेटरचं काम, प्रोग्रॅमरनं त्यांना हात लावायचा नाही, हा नियम. मग नवी पट्टी करू द्या. तेही नाही. "आधी चूक कबूल कर, मग बघू." न केलेली चूक! मी कबूल केली नाही. आकडे काटेकोर मोजून काम करायला लागले. पण बोटांची सवय एका दिवसात जात नाही, आणि पुन्हा एकदा काही ओळी गेल्या. साहेब त्याचीच वाट बघत असावेत. त्यांनी फोन उचलला.

अण्णा सकाळच्या एसटीनं आले. पांढरी टोपी, कोट आणि हातात घरची लोखंडी ट्रंक. माझं सामान भरायला त्यांनी ती सांगलीहून रिकामी वाहून आणली होती. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. दोघं बोलायला लागले ते माझ्याबद्दल, माझ्यासमोर, मी तिथं नसल्यासारखं. मुलगी हुशार आहे, पण. नाजूक काम आहे, म्हणून. अण्णा मान खाली घालून "व्हय साहेब, व्हय" म्हणत होते. पेठेत दलालांना घाम फोडणारा माणूस! त्यांची ती खाली गेलेली मान मला साहेबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागली.

"जा, सिद्धूकडे चार्ज देऊन ये," साहेब मला म्हणाले.

सिद्धू आमचा ऑपरेटर. जाताना तरी माझ्या फिती माझ्या हातून मोजून घ्यायला हव्या होत्या त्याला, म्हणून त्यानं कपाट उघडलं. तो बिचारा माझ्याकडे बघतही नव्हता. मी एकेक फीत त्याच्या हातात देत गेले. सेटिंगची पट्टी आली तेव्हा जुन्या सवयीनं बोटाला गुंडाळली, आणि बोट पिवळं झालं.

मी तशीच बाहेर व्हरांड्यात गेले आणि पट्टी उन्हात धरली. सगळ्या भोकांतून ऊन आलं. एका भोकातून आलं नाही. लाडक्या भोकातून. पिवळ्या कागदावर पिवळीच हळद, ओली लागून घट्ट वाळलेली. खोलीतल्या उजेडात कुणाला दिसणार? यंत्राची सुई तिथं जायची, तिला भोक लागायचं नाही, आणि एडिटर समजायचा की विचारायचं नाही.

"सिद्धू, ही पट्टी पूजेत होती?"

"व्हय की ताई. तुमी न्हवता तवा. साहेबांनी सोता बोटं लावली समद्या फितींस्नी. मी मागनं वरवर पुसून घेतल्या." आणि मग त्याचं तोंड उघडंच राहिलं.

केसातला आकडा काढून मी ते भोक कोरलं. सिद्धूला म्हटलं, भर. त्यानं नियमबियम काही न बोलता भरली. मी साहेबांच्या दारात गेले आणि म्हटलं, "दोघंही या. आत्ता." कुणाशी मी असं कधी बोलले नव्हते. दोघंही उठले.

टेलिप्रिंटरसमोर बसून मी पुसायचा हुकूम दिला. खडखड झाली. ओळी छापल्या गेल्या आणि खाली उमटलं, 'शुअर?' मग यंत्र थांबलं. मी पिवळं बोट वर केलं आणि काय झालं होतं ते सांगितलं.

साहेबांनी वाकून कागद वाचला. वाटलं, आता म्हणतील, चुकलं. पण ते म्हणाले, "हळद कुणाच्या घरची होती?"

मी तोंड उघडलं, पण बोलले ते अण्णा, अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. "हळद माझी हाय साहेब. बोट तुमचं हाय."

सिद्धू कपाटात काहीतरी शोधायला लागला. साहेबांनी घसा खाकरला. "बरं, झालं ते झालं," ते अण्णांना म्हणाले. मला नव्हे, अण्णांनाच! "राहू दे तिला इथं. मी घेईन सांभाळून."

"मला सांभाळायला मी काय पडले होते?" माझा आवाज चढला तो चढलाच. "साहेब, एक ओळ पुसायची तर मी यंत्राला विचारायला लावते. मला पुसताना तुम्ही कुणाला विचारलंत? अण्णांना! अण्णा, तुम्ही ट्रंक घेऊन निघालात, तेव्हा कुणाला विचारलंत? नोकरी माझी, चूक झाली असती तर तीही माझी. आणि इथं सगळे एकमेकांशी बोलतायत, माझ्याशी सोडून!"

यंत्र माझ्या उत्तराची वाट बघत नुसतं घुमत होतं. साहेब म्हणाले, "जा, कामाला लाग," आणि पाठ फिरवून केबिनमध्ये गेले. बस, एवढंच. त्यानंतर आम्ही बरीच वर्षं एकत्र काम केलं, पण चुकलं हा शब्द काही त्यांच्या तोंडून आला नाही.

अण्णांना पोचवायला मी फाटकापर्यंत गेले. वाटत होतं, आता ते अटीचा विषय काढतील. तक्रार आली की परत. तक्रार तर आलीच होती, खरी असो की खोटी. स्टँडकडे जाणारी रिक्षा थांबली. अण्णांनी ट्रंक आत ठेवली, स्वतः बसायला पाय उचलला आणि तसेच थांबले. टोपी सारखी केली. माझ्याकडे बघितलं.

"कस्तुरी, ट्रंक रिकामीच नेऊ काय गं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला कुणीतरी विचारलं होतं.

"रिकामीच न्या, अण्णा."