आजोबांची चाळीस वाक्यं

"कालपासून आमच्या ह्यांची वाचा बसलीय हो," फोनवर एक आजी सांगत होत्या. "ॲप उघडलं की मेलं एकच म्हणतं, ही प्रत खरी नाही."

कुलूपताईंनी कपाळाला हात लावला. ऑफिसात त्यांना सगळे याच नावाने हाक मारत, आणि त्यात खोटे काही नव्हते. ज्यांचा आवाज गेला त्यांच्या वतीने बोलणारे ॲप त्यांची कंपनी बनवायची. ते कोणी चोरू नये, त्यात ढवळाढवळ करू नये, म्हणून कुलपे घालायचे काम ताईंचे. परवाच त्यांनी नवे कुलूप बसवले होते. मूळ ॲपमध्ये कणभर बदल दिसला, की ते बंद. ताईंना त्याचा अभिमान इतका, की एखाद्या चोराने तारीफ केली असती तर त्यालाही चहा पाजला असता.

"आजी, ॲपमध्ये कुणी काही बदललंय का?"

"पुतण्याने. घशाच्या ऑपरेशनआधी ह्यांनी आपल्या आवाजात चाळीस वाक्यं बोलून ठेवली होती, ती त्याने आत बसवली. चोरी नाही हो केली, विकत घेतलंय!"

"मग तो बदल काढून साधं ॲप वापरा ना."

"त्या यंत्राच्या आवाजाला हे हातच लावत नाहीत. घुम्यासारखे बसून आहेत."

ताईंना त्या प्रतीचे कुलूप तिथल्या तिथे काढून टाकावेसे वाटले. पण त्या एका प्रतीला सूट दिली, की तीच उद्या गावभर फिरणार, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. त्या तडक साहेबांकडे गेल्या.

"साहेब, ज्याला त्याला स्वतःचा आवाज घालायला आपण रीतसर दार ठेवलं नाही. मग लोक खिडकीतून येणारच."

"एका म्हाताऱ्यासाठी एवढा खटाटोप?"

"आवाज एकाचाच असतो, साहेब."

साहेबांनी पंधरा दिवस दिले. ताईंनी दार नऊ दिवसांत बसवले, कुलपासकट.

दहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मग एक जाड, प्रेमळ आवाज आला, "जेवलीस का गं?"

ताई गोंधळल्या. "कोण बोलतंय?"

मागून आजी हसत म्हणाल्या, "अगं, तुझे आभार मानायचेत त्यांना. पण भरलीत ती सगळी घरातलीच वाक्यं. आभाराचं एकही नाही बघ! शोधशोध शोधलं, आणि शेवटी हे काढलं."

चार वाजत आले होते. डबा तसाच टेबलावर होता.

"नाही हो, आजोबा," ताई म्हणाल्या.

पलीकडे पुन्हा शोधाशोध सुरू झाली. बोट वाक्यांवरून फिरत असावे.

"इतका उशीर नको करत जाऊस."

ताईंनी डोळे पुसले आणि डब्याचे झाकण उघडले.