वळणावरच्या वहिनी

नऊ वर्षं मी वळणावर उभी राहिले. रस्त्याच्या नव्हे, प्लायवुडच्या.

सौंसरला भगवंतरावांचं संत्र्याचं गोदाम आहे. हंगाम संपला की ते रिकामं पडतं, आणि मग तिथं टेबलं जोडून आमच्या मंडळींचा ट्रॅक मांडला जातो. ट्रॅकला चार खाचा, खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी, आणि पट्टीत बारा व्होल्टची वीज. प्रत्येक खाचेत एक वीतभर गाडी. गाडीच्या पोटाखालची खुंटी खाचेत बसते. हातातल्या कंट्रोलरचा घोडा जितका दाबाल तितकी ती पळते, आणि जास्त दाबला की वळणावर उडून खाली पडते. मग ती उचलून परत खाचेत बसवायला कोणीतरी लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. सगळ्या क्लबात माझं नाव वळणावरच्या वहिनी.

खेळणारे सगळे चांगले जाणते बाप्ये. भगवंतराव स्वतः पासष्टीचे, संत्र्याचे व्यापारी. वीरेंद्र कापसाचा अडत्या. अंकुरचं मोबाइलचं दुकान. हर्षल शाळामास्तर. आणि आमचे हे, म्हणजे प्रभाकरराव, पांढुर्ण्याच्या तहसिलीतून निवृत्त झालेले बाबू. पोरांचा खेळ म्हणालात की पाचही जणांना एकदम राग येतो, म्हणून मी तसं मुद्दाम म्हणते.

वळणावर उभं राहणाऱ्याला एकच नियम असतो. जी गाडी आधी पडली ती आधी उचलायची, मग ती कोणाचीही असो. पाच वर्षांपूर्वी अंकुरची आणि ह्यांची गाडी एकाच वळणावर आपटली. अंकुरची आधी पडली होती. मी आधी तीच उचलली, आणि तेवढ्या दोन सेकंदांत ह्यांचं पहिलेपण गेलं. घरी आल्यावर आठ दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. पोळी हवी असली की ताटावर बोट वाजवायचे. मी वाढत राहिले, पण चुकले असं काही म्हटलं नाही. चुकले नव्हतेच.

क्लबाचा दुसरा नियम भगवंतरावांचा आवडता. गाडीची मोटार चालवणाऱ्यानं स्वतःच्या हातानं भरलेली पाहिजे. बाजारची मोटार लावायची, पण तिच्या आर्मेचरवरची, म्हणजे आतल्या फिरत्या गाभ्यावरची, तार काढून नवी तार आपण गुंडाळायची. शर्यतीनंतर जिंकलेली मोटार सगळ्यांसमोर उघडतात. मोटार दुसऱ्यानं भरलेली निघाली तर नाव बाद.

आता खरं सांगते. आमच्या ह्यांना आयुष्यात एक मोटार भरता आली नाही.

माझे बाबा मोहगावला विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी भरायचे. दहाव्या वर्षापासून मी त्यांच्याजवळ बसून तार सोडायची, वेढे मोजायची, तारेखाली कागद सारायची. शेवटी तार सुटू नये म्हणून बाबा दोऱ्याची एक गाठ मारायचे, दोन वेढे आणि खालून उलटी ओढ. ती गाठ माझ्या बोटांत बसली ती बसलीच. ह्यांनी पहिल्या वर्षी आर्मेचर हातात घेतलं आणि तीनदा तार तोडून ते कोपऱ्यात फेकलं. मी ते उचललं, तिन्ही दातांवर पंचावन्न-पंचावन्न वेढे दिले, ब्लाउजच्या लाल दोऱ्यानं गाठ मारली, आणि भाजी फोडणीला टाकायच्या आत मोटार तयार होती. ह्यांनी फॉर्मवर लिहिलं, मोटार भरणारा: स्वतः. तेव्हापासून दरवर्षी स्वतः. गोदामाच्या भिंतीवर एक लाकडी पाटी आहे, तिच्यावर दरवर्षी जिंकणाऱ्याचं नाव पेंटरकडून रंगवून घेतात. तिच्यावर ह्यांचं नाव सहा वेळा आहे. आयत्या बिळावर नागोबा, असं मी एकदा तोंडावर म्हणाले होते. हे हसले, मीही हसले. तेव्हा हसू येत होतं.

यंदा हर्षलची बदली झाली आणि पाचवा गडी कमी पडला. भगवंतरावच म्हणाले, "वहिनी बसतील. नऊ वर्षांपासून पाहून राहिल्या."

"ही?" आमचे हे म्हणाले. "मंग वळणावर कोन राहील?"

"पाच जनं, चार खाचा. दर फेरीत एक जन रिकामा बसते. तोच राहील वळणावर."

ह्यांनी टेबलावरची गाडी उचलून तिची चाकं पुसायला घेतली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. मला त्या पाटीवर नाव पाहिजे होतं. उगाच आढेवेढे कशाला? लग्नाच्या पत्रिकेनंतर माझं नाव कोणी कुठं छापलं नव्हतं की रंगवलं नव्हतं. नलिनी, अशी तीन अक्षरं पिवळ्या रंगात त्या पाटीवर यावीत, एवढंच. ती एकदा आली असती तर पुढची नऊ वर्षं मी पुन्हा वळणावर उभी राहिले असते.

मी दोन आर्मेचरं भरली, एक ह्यांच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. त्यातलं एक जरा जास्तच सुंदर झालं, बोटावर फिरवलं तर तोल हलत नव्हता. ते मी ह्यांना दिलं. का दिलं ते मला विचारू नका. भाकरी चांगली फुगली की ती आपण कोणाच्या ताटात वाढतो? तसंच.

पोळ्याच्या आधीच्या रविवारी शर्यत झाली. पाच फेऱ्या, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. प्रत्येकाच्या वाट्याला चार फेऱ्या, चारही खाचांतून एकेकदा. सगळे चक्कर मोजायचे, आणि ज्याचे जास्त तो पहिला. मोजायला भगवंतरावांची सून अश्विनी लॅपटॉप घेऊन बसली होती. नऊ वर्षं वळणावर उभं राहिल्याचा एक फायदा असतो. कोण कुठं घाबरतं, कोण कुठं माजतो, कुठं घोडा सोडला तर गाडी आपसूक वळते, हे मला सगळं पाठ होतं. बाप्ये सरळ पट्टीवर जिंकायला पाहतात. शर्यत जिंकायची असते वळणावर.

चौथी फेरी संपली तेव्हा ह्यांच्या चारही फेऱ्या झाल्या होत्या. एकशेएकवीस चक्कर. भगवंतराव, वीरेंद्र आणि अंकुर एवढे मागं होते की त्यांची शर्यत संपल्यातच जमा होती. माझे तीन फेऱ्यांत एक्याण्णव झाले होते. शेवटच्या फेरीत एकतीस चक्कर केले तर मी पहिली. आणि शेवटच्या फेरीत वळणावर उभं राहायची पाळी होती ह्यांची.

 ताटावर वाजणारं ते बोट मला आठवत होतं.

अठराव्या चक्कराला माझी गाडी उडाली. वीरेंद्रच्या गाडीनं घासलं आणि दोन्ही उलट्या पडल्या, माझी आधी. मी मान वर केली. हे वाकले, माझी गाडी उचलली, माझ्याच खाचेत नीट बसवली आणि मग वीरेंद्रची घेतली. एक क्षणही वाया घालवला नाही. खरं सांगते, माझे डोळे भरून आले. वाटलं, माणूस चांगला आहे, आपणच मनात वाईट आणलं. पुढचे चक्कर मी कसे मारले मला आठवत नाही. अश्विनी ओरडली, "काकू, एकतीस! एकशेबावीस!"

अंकुरनं टाळ्या वाजवल्या. वीरेंद्र म्हणाला, "वहिनी, नाक कापलं ना आमचं." हे पण हसले. ह्यांचं हसू जरा उशिरा आलं, पण आलं.

मग भगवंतरावांनी घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावलं आणि माझी मोटार उघडली. बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "ही गाठ ओळखीची आहे. सहा वेळा पाहिली मी ही लाल गाठ. प्रभाकरराव, तुमची आना बरं इकडं."

ह्यांची मोटार उघडली. आर्मेचरवर तीच गाठ. तोच दोरा, तीच उलटी ओढ.

वेढ्यांवरून हात कोणाचा हे कोणाला कळलं नसतं. एक गाठ तेवढी वेगळी मारायची अक्कल मला सुचली नाही. पण बाबांची गाठ सोडून दुसरी मारायची तरी कशी, मला दुसरी येतच नव्हती.

"दोन्ही एकाच हातच्या आहेत," भगवंतराव म्हणाले. "कोनाच्या?"

ते मला विचारत नव्हते. दोन्ही आर्मेचरं तळहातावर धरून ते ह्यांच्याकडं पाहत होते. अंकुर, वीरेंद्र, सगळेच ह्यांच्याकडं पाहत होते.

"माह्या," हे म्हणाले. "मीच भरल्या दोन्ही. तिले कुठं जमते ते."

एवढं सोपं होतं. कोणाला नवल वाटलं नाही. वीरेंद्रनं मान हलवली, म्हणजे असंच असणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. मी म्हणाले, "भाऊ, ऐका, मी..." तेवढ्यात ह्यांचा हात माझ्या खांद्यावर पडला. "राहू दे. वाईट वाटून घेऊ नको. पुढच्या साली शिकवतो तुले."

शिकवतो!

त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. तार आणा, इथंच भरून दाखवते, असं म्हणायला पाहिजे होतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण बोलले असते तर पाटीवरची ह्यांची सहाच्या सहा नावं खोटी ठरली असती, चार लोकांत, सौंसरच्या लोकांत.  मी मनात हिशेब केला की आता गप्प राहावं, परतीच्या बसमध्ये हे स्वतःच चूक कबूल करतील. बायका असे हिशेब करतात आणि आयुष्यभर बुडतात. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा मला ह्यांच्या खोटेपणापेक्षा जास्त राग येतो.

"नियम म्हंजे नियम, वहिनी," भगवंतराव हळहळून म्हणाले. "तुमची गाडी बाद करावी लागते." अश्विनीनं लॅपटॉपवर माझी ओळ पुसली आणि ह्यांचं नाव वर सरकलं. सातव्यांदा.

बसमध्ये गर्दी होती. मला जागा मिळाली, हे उभे. दांडा धरायला हात रिकामा पाहिजे म्हणून ह्यांनी जिंकलेला कप माझ्या मांडीवर ठेवला. मोहगाव आलं, मोहगाव गेलं. बाबांचं दुकान होतं तिथं आता मोबाइलचा टॉवर आहे. मी वाट पाहत होते. हे एवढंच म्हणाले, "तू बी त काही बोलली नाही." म्हणजे ते माझ्याच गळ्यात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

महिन्याभरानं नागपूरच्या एका क्लबानं ह्यांना बोलावलं. भारी मान. ह्यांनी नवीन आर्मेचर आणि तारेची रीळ आणून माझ्यासमोर ओट्यावर ठेवली, नेहमीसारखी, भाजीची पिशवी ठेवतात तशी.

मी म्हणाले, "मले कुठं जमते ते?"

 हे रीळ उचलून आत गेले. तीन संध्याकाळी हे खिडकीशी चष्मा लावून बसले. तार तुटायची, हे पुटपुटायचे. चौथ्या दिवशी मी केर काढला तेव्हा पलंगाखाली तारेची गुंतवळ निघाली, केसांची निघते तशी. मला दया आली नाही. येईल असं वाटलं होतं.

नागपूरला हे गेले नाहीत. मला बरं वाटलं, सांगायला लाज नाही. वाटलं, आता लोक विचारतील आणि ह्यांना काहीतरी सांगावंच लागेल.

त्याच दिवशी दुपारी भगवंतरावांचा फोन आला, माझ्या फोनवर.

"वहिनी, तब्येत कशी आहे आता? प्रभाकरराव सांगून राहिले, तुम्हाले लय बरं नाही, म्हणून नागपूरचं सोडलं त्यायनं. मोठा मानूस. बायकोसाठी एवढं कोन करते आजकाल?"

  जे गोदामात म्हणायचं होतं ते महिन्यानं म्हणाले, पण स्पष्ट म्हणाले. "भाऊ, माही तब्येत ठणठणीत आहे. तुमच्या प्रभाकररावांले मोटार भरता येत नाही, म्हणून ते गेले नाही. जिंकलेल्या साती मोटारी म्या भरल्या. ती गाठ माह्या बापाची आहे."

 भगवंतराव हसले. चांगले मोकळे, पोट धरून हसले.

"वहिनी, तुम्ही बी ना! तापात बी मस्करी सुचते तुम्हाले." हसणं आवरून ते म्हणाले, "आराम करा. अन् बऱ्या झाल्या की या. हर्षल परत येऊन राहिला, पाच जनं भरले आमचे. वळण मात्र तुमच्याबिगर सुनं दिसते."

मी फोन ठेवला. आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज बंद होता, म्हणजे ह्यांनी सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळानं हे दारात आले. चेहरा उतरलेला होता.

"काय म्हनत होते भगवंतराव?"

"काही नाही," मी म्हणाले. "हसले."

ह्यांनी सुस्कारा सोडला, आणि टीव्हीचा आवाज पुन्हा सुरू झाला.